कपाटावरची खारूताई

१. हवेत अडकलेली कात्री

बुधवारी दुपारी आईच्या हातातली कात्री हवेतच अडकली.

आमच्या बाजूने बघितलं तर कात्री नीट चालत होती. शिवणाच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर फिकट निळं कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूने बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल काढलेला होता आणि आई त्या रेषेवरून सावकाश पुढे जात बोलत होती. "बाही नीट बसत नाही म्हणून लोक बाहीला दोष देतात. चूक असते मुंढ्यात. इथे कात्री वळवायची नाही, कापड वळवायचं."

समोरच्या पडद्यावर तिच्या तीन जुन्या विद्यार्थिनी आपापल्या चौकोनांत बसल्या होत्या. त्यांतली एक चाचरत म्हणाली, "बाई, तुम्ही थांबलात का?"

"मी कशाला थांबू?"

"नाही, म्हणजे, तुमची कात्री वरच आहे. आणि तोंड उघडं आहे. बराच वेळ."

आईने कात्री खाली ठेवली. पलीकडे ती बहुधा वरच राहिली.

ही फक्त रंगीत तालीम होती. खरा वर्ग रविवारी होता. ऑनलाइन शिवणवर्गाची कल्पना बाबांची. ती त्यांनी आईच्या गळी उतरवायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि आईने प्रत्येक वेळी ती हसण्यावारी नेली. बाबा गेल्यावर मशीनवर कव्हर पडलं ते तसंच राहिलं. दादा आणि मी दोघंही तेव्हापासून आईकडेच राहायला आलो होतो, आणि दोघंही त्या कव्हरकडे न बघता त्या खोलीतून ये-जा करायला शिकलो होतो. मग एक दिवस आईनेच ते काढलं, घडी घातली आणि म्हणाली, "ते एवढं म्हणत होते तर बघू करून."

आता तीच घडी तिने कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"रविवारीसुद्धा असंच झालं तर हे मी परत घालणार," ती म्हणाली. "आणि मग काढायला सांगू नका. एवढ्या बायकांसमोर तोंड उघडं टाकून बसायची हौस नाही मला. त्यात डोक्यावर ती खारूताई. आधी रात्रीच कुरतडायची, आता दिवसभर चालू असतं तिचं."

दादाने एकदम मान वर केली. "खार? घरात खार आहे?"

"कपाटावर. व्हेंटिलेटरमधून येत असणार. दोनेक वर्षं झाली असतील."

दादा माझ्याकडे वळला. लहानपणापासून मी पुस्तकांत तोंड घालून बसते म्हणून तो मला वाळवी म्हणतो. "वाळवे, आरोपी सापडला! खारी केबल कुरतडतात."

२. बटण कोणी दाबलं?

आरोपी सापडला नव्हता. गुरुवारी इंटरनेट कंपनीचा माणूस आला, आपल्या यंत्राने राउटरपर्यंतची लाइन तपासली आणि म्हणाला, "लाइन झकास आहे. केबलला ओरखडासुद्धा नाही. जे काय आहे ते तुमच्या घरात आहे." जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "इतक्यात राउटरवर काही केलं होतं का?"

"छे," दादा म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

त्या माणसाने बूट घातले आणि तो गेला. मी दादाकडे बघत राहिले. बघत राहणं हा आमच्या घरात चौकशीचा जुना प्रकार आहे. बाबा त्यात तरबेज होते.

"बरं बाई, केलं," दादा म्हणाला. "सोमवारी. नवीन आवृत्ती आली आहे, आता अपडेट करा, असं रोज दाखवत होतं. मी फक्त बटण दाबलं! सुधारणा होईल असं लिहिलं होतं त्यात."

"आणि?"

"आणि नाव, पासवर्ड सगळं जसंच्या तसं आहे. मी बंद करून चालू केलं, जागा बदलून बघितली, चॅनल बदलून बघितलं. मागच्या वायरींना हात लावला नाही. बाबांनी बांधलेला गुंता आहे तो, कुठली कुठे जाते देव जाणे. आता एकच राहिलं, पासवर्ड बदलून टाकायचा. वरच्या बासरीवाल्या काकांना बाबांनी दिला होता, ठाऊक आहे ना? तेच पीत असणार सगळं नेट."

"पासवर्ड बदलायचा नाही," आतून आईचा आवाज आला. "तो त्यांनी ठेवलाय."

पासवर्ड तसाच राहिला. शुक्रवारी सकाळी मी आत्याला फोन केला.

३. फॉल्टवाली आत्या

आत्या ही बाबांची थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, फॉल्टच्या टेबलावर. म्हणजे गावातल्या कुणाचाही फोन बिघडला की ज्या बाईंशी भांडायचं, त्या ह्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी बिघाड म्हटला की तिचे डोळे चमकतात. ती दुपारीच हजर झाली. चप्पल काढायच्या आधी तिने फर्मावलं, "कोणीही काही दुरुस्त करू नका. मला आधी बिघाड बघू दे."

"आत्या, हे वायफाय आहे," दादा म्हणाला. "तुमचे ते काळे डबडे फोन नव्हेत."

"तारेतून जाणारं असो नाहीतर हवेतून, माणसं तीच ना? बस इथे. मी विचारते त्याचं उत्तर दे. तुला समोरच्याचं ऐकू येत नाही, की तुझं समोरच्याला ऐकू जात नाही?"

"दोन्ही एकच."

"अजिबात नाही. ह्या एका प्रश्नावर मी पगार घेतला जन्मभर. नीट आठव."

दादाने कपाळाला हात लावला. तो घरबांधणीचे नकाशे काढतो आणि ते ऑफिसला पाठवतो. "सिनेमा बघताना फारसा अडत नाही," तो हळूहळू म्हणाला. "सुरू व्हायला वेळ लागतो, पण चालतो. नकाशे मात्र जाता जात नाहीत. सकाळी पाठवलेला संध्याकाळपर्यंत फिरत बसतो."

"आणि वहिनी, तुम्हाला त्या मुली दिसत होत्या?"

"दिसत होत्या की," आई म्हणाली. "त्यातल्या एकीने भुवया कोरल्यात नवीन, तेसुद्धा दिसलं. मीच दिसत नव्हते त्यांना."

"छान." आत्याने मांडी घातली. "म्हणजे येणारा रस्ता ठीक आहे. जाणारा तुंबलाय. कोणीतरी ह्या घरातून सारखं काहीतरी बाहेर पाठवतंय. आता त्या बासरीवाल्यांना बोलवा."

बासरीवाले काका आले ते हातात बासरी घेऊनच, जणू पुरावा म्हणून. आत्याने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"आमचं नेट वापरता?"

"म्हणजे, ह्यांच्या बाबांनीच प्रेमाने... मी आपला रियाजाचे व्हिडिओ..."

"जिना चढताना मी ऐकलं ते. कुठल्या रियाजात माणसं एकमेकांना उचलून आपटतात हो?"

काकांचे कान लाल झाले. "कुस्ती बघतो," ते पुटपुटले. "कृपया घरी सांगू नका. तिला वाटतं मी आलाप ऐकतोय."

"बघता ना? कोणाला दाखवत नाही ना?"

"मी कुस्ती कशी दाखवणार, ताई? ह्या वयात?"

"मग सुटलात," आत्या म्हणाली. दादाचा चेहरा उतरला. त्याचा शेवटचा संशयित बासरी काखेत मारून ताठ मानेने सोफ्यावर सरकून बसला. चहा झाल्याशिवाय ते हलणार नव्हते.

"तिसरा प्रश्न," आत्या म्हणाली. "बिघाड कधी नसतो?"

दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं होतं, पण इतकं वेडगळ होतं की कोणी बोललं नव्हतं.

"आई इस्त्री करते तेव्हा," मी म्हणाले.

४. खारीची झोप

"काय?"

"खरंच. मंगळवारी ती कॉलर दाबत होती, तेव्हा माझं काम सुसाट झालं. काल परत तसंच. इस्त्री ठेवली की पुन्हा कासव."

दादा खो खो हसला. "नेट गरम करून सरळ करते आई!"

आत्या हसली नाही. ती उठून शिवणाच्या खोलीत गेली. आम्ही सगळे मागोमाग, काकासुद्धा. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने चौफेर नजर फिरवली. टेबल. मशीन. कव्हरची घडी. इस्त्रीची जागा. उंच कपाट, त्यावर अस्तराच्या कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. शेजारी खिडकी, खिडकीत एक छोटी वाटी.

"ह्या वाटीत काय आहे?"

"शेंगदाणे," आई म्हणाली. "खारूताईसाठी."

"हे कधीचं?"

"अहो वन्सं, ही मोठी गंमत आहे. एकदा मी ह्यांना म्हटलं, कपाटावर रात्री काहीतरी कुरकुरतंय, बघा जरा. तर म्हणाले, अगं, खारूताई आहे, जमवाजमव करतेय, तिला त्रास देऊ नकोस. मग मी रोज शेंगदाणे ठेवायला लागले. सकाळी वाटी रिकामी! एक दाणा ठेवायची नाही, टरफलंसुद्धा नाही."

"आणि आता?"

"आता दाण्यांना शिवत नाही. मी रोज बदलते, पण तसेच राहतात. कुरतडते मात्र दिवसभर. सोमवारपासून तर ताळतंत्रच सोडलंय तिने."

आत्याने वाटीतला एक दाणा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"वाळवे," तिने मला दादाने ठेवलेल्या नावाने हाक मारली, "तू एवढं वाचतेस. खार रात्री काय करते?"

"झोपते," मी म्हणाले. आणि बोलताबोलताच कपाटाकडे बघितलं. "आत्या, खार दिवसा फिरते. रात्री झोपते."

"मग दोन वर्षं रात्रीची कुरतडत कोण होतं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. गठ्ठ्यांच्या मागून अगदी बारीक आवाज येत होता. कुर्र. कुरकुर. कुर्र.

काकांनी बासरी दोन्ही हातांत धरली, कोणी अंगावर आलंच तर असावी म्हणून.

५. काळी पिन

"वहिनी," आत्याचा आवाज मऊ झाला होता, "इस्त्री कुठे लावता?"

"इथेच." आईने कपाटाच्या कडेचा प्लग दाखवला. त्यात एक काळी पिन बसवलेली होती. तिची वायर कपाटामागून वर गेली होती. "एवढा एकच मोठा प्लग आहे खोलीत. ही काढायची, इस्त्री लावायची. झालं की ही परत लावायची."

"ही कशाची?"

"मला काय ठाऊक! त्यांचं काहीतरी. त्यांनी बजावून ठेवलंय, इस्त्री झाली की ही विसरू नकोस हं. मी कधी विसरले नाही." तिने पिन बोटाने आत दाबली. "अजून विसरत नाही."

आत्याने मान हलवली. "आता ऐका. सोमवारी बिघाड सुरू झाला. सोमवारीच खार दिवसा कुरतडायला लागली. घरातून काहीतरी सारखं बाहेर जातंय. आणि वहिनींनी ही पिन काढली की बाहेर जाणारा रस्ता मोकळा होतो. आरोपी कपाटावर आहे आणि तो शेंगदाणे खात नाही. काका, तुम्ही वर घरी जा आणि तुमच्या मोबाइलच्या नेटवरून वहिनींना व्हिडिओ लावा. तुम्ही आमचे साक्षीदार."

काका आयुष्यात पहिल्यांदा जिना धावत चढले असतील. आईच्या फोनवर त्यांचा चेहरा आला, नाक फार जवळ.

"काय दिसतंय?" आत्याने विचारलं.

"वहिनी दिसताहेत. नाही, हलत नाहीत. डोळे मिटलेले आहेत त्यांचे."

आत्याने काळी पिन उपसली. कपाटावरची कुरकुर बंद पडली.

"हलल्या!" फोनमधून आणि छतातून एकाच वेळी आरोळी आली. "वहिनी हलल्या! अहो, गळ्यातल्या टेपवरचे आकडे दिसताहेत!"

दादा तोवर स्टुलावर चढला होता. त्याने गठ्ठे एकेक करून माझ्या हातात दिले आणि सगळ्यांत मागे हात घातला. "खार नाही," तो वरून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "एक काळी पेटी आहे. हार्ड डिस्कची. दुसरी वायर व्हेंटिलेटरमधून पलीकडे गेलीय, थेट राउटरला." मग पेटी उजेडात फिरवून म्हणाला, "आई, हिच्यावर पट्टी चिकटवलीय. बाबांचं अक्षर आहे. खारूताई."

६. चोर

पुढचा उलगडा दादाने केला, कारण एव्हाना त्याला आपल्या बटणाची भरपाई करायची होती. पेटी आत काहीतरी साठवत होती आणि त्याची एकेक प्रत इंटरनेटवर सुरक्षित ठेवायला पाठवत होती. हे काम तिने फक्त रात्री करावं आणि तेही थेंबथेंब करावं, असा नियम बाबांनी राउटरमध्ये घालून ठेवला होता. म्हणून इतके दिवस कोणाला काही जाणवलं नाही. सोमवारच्या अपडेटमध्ये नाव आणि पासवर्ड टिकले, असले बारीक नियम मात्र पुसले गेले. खारूताईला रान मोकळं मिळालं. तिने दोन वर्षांचा साठा दिवसरात्र बाहेर ढकलायला सुरुवात केली.

"पण साठा कसला?" आई म्हणाली. "मला न सांगता काय जमवत होते?"

दादाने पेटी लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आईचे हात उमटले.

फक्त हात. ह्याच टेबलावर, ह्याच खिडकीच्या उजेडात. कापडावर खडू फिरत होता. दुसऱ्या चित्रात कात्री, तिसऱ्यात सुईत दोरा ओवणं. मग चुण्या, मग काजं, मग बाही. कितीतरी होती. संपेचनात.

"हे तर..." आई टेबलाला टेकली. "फोन घेऊन मागे उभे असायचे. मी ओरडायचे, बाजूला व्हा, उजेड अडतोय. मला वाटायचं रिकामा उद्योग. पुसून टाकत असतील."

आणि तेवढ्यात पडद्यातून बाबांचा आवाज आला. "परत एकदा सांग ना. मुंढ्याचं. कात्री वळवायची नाही, मग?"

"कापड वळवायचं," पडद्यातली आई वैतागून म्हणाली. "कितीदा सांगू? तुम्हाला काय फ्रॉक शिवायचाय?"

बाबा हसले. त्यानंतर माइकच्या अगदी जवळ, स्पष्ट, खणखणीत आवाज आला.

कुडुम. कुडुम. कुडुम.

दादाने आवाज वाढवला. शंकेला जागाच नव्हती. कोणीतरी तोंडभर शेंगदाणे चावत होतं.

पडद्यातल्या आईचे हात थांबले. "काय खाताय?"

"काही नाही," भरल्या तोंडाने बाबा म्हणाले.

मी आईकडे बघायचं टाळत होते. पण तिने आधी तोंडावर पदर धरला, मग तिचे खांदे हलायला लागले आणि मग ती इतक्या मोठ्याने हसली की वरून काकांनी काय झालं म्हणून फोनमधून हाका मारल्या. "चोर!" ती म्हणत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "दोन वर्षं! चांगले निवडून, भाजून ठेवायचे मी! भाजून! मला एकदा वाटलंसुद्धा की खारीला बिनभाजलेले द्यावेत, तर म्हणाले, नको, तिला भाजलेलेच आवडतात!"

आत्या हसत हसत चष्मा पुसत होती. "लहानपणीही असाच होता. डब्यातलं खाऊन माझ्यावर ढकलायचा," ती म्हणाली. चष्मा पुसून झाला तरी तिने तो घातला नाही.

७. रविवार

दादाने बाबांचा नियम पुन्हा राउटरमध्ये घातला. रात्री, आणि थेंबथेंब. खारूताई बंद करायची का, असं त्याने विचारलं होतं. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. घरात चौकशीचा तो प्रकार तिलाही येतो, हे मला तेव्हा कळलं. काळी पिन पुन्हा प्लगमध्ये गेली. फक्त इस्त्रीसाठी दादाने नवा प्लग बसवून दिला.

रविवारी पडदा चौकोनांनी भरून गेला. आई टेबलापाशी उभी राहिली, तिने टेप गळ्यात टाकली आणि पहिलं वाक्य विसरली. मी दाराआड होते. आत्या खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती, बिघाड झालाच तर हजर असावं म्हणून. आईने एकदा कपाटाकडे बघितलं. मग तिने खडू उचलला.

"बाही नीट बसत नाही म्हणून लोक बाहीला दोष देतात," ती म्हणाली, आणि पुढे तिला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही.

मध्येच एका मुलीचं चित्र गोठलं. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. बाकीच्या हसायला लागल्या. आईने कात्री खाली ठेवली आणि चष्म्यावरून पडद्याकडे बघितलं.

"तुझं ऐकू येतंय, दिसत नाहीये," ती फार अधिकाराने म्हणाली. "म्हणजे जाणारा रस्ता तुंबलाय. घरात कुठे खारूताई ठेवलीय का, ते बघ आधी."

वर्ग संपल्यावर तिने कव्हरची घडी उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाली, "कापड चांगलं आहे. ह्याची पिशवी होईल." मग नेहमीप्रमाणे तिने खिडकीतल्या वाटीतले शिळे शेंगदाणे टाकून ताजे, भाजलेले ठेवले. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी वाटी रिकामी होती. दाणा नाही, टरफल नाही. आईने वाटी उचलून खोलीभर नजर फिरवली. दादा राउटरच्या वायरींमध्ये डोकं घालून बसला होता. आत्या वर्तमानपत्राआड होती आणि वर्तमानपत्र उलटं होतं. मी पुस्तकात तोंड घातलं होतं आणि तोंड मिटून ठेवलं होतं.

"खारूताई आली वाटतं," आई म्हणाली आणि वाटी पुन्हा भरायला आत गेली.

ह्या प्रकरणाचा तपास आमच्या घरात कोणीही केला नाही.